माझ्या मागे पाहणारी घोडी

माझा नवरा लष्करात घोड्यांचा डॉक्टर होता. आम्हाला जयपूरच्या छावणीत येऊन दीड वर्ष झालं होतं, तेव्हा दिवाळीच्या पुढच्या आठवड्यात त्याला कावीळ झाली आणि सतराव्या दिवशी तो गेला. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं ती. मी सव्वीस वर्षांची होते. मराठी घेऊन एम. ए. केलं होतं, आणि त्याचे घोडे मी नेहमी कुंपणाबाहेरून पाहिले होते. मला घोड्यांची भीती वाटायची. त्यावरून त्याने मला कधी चिडवलं नाही, हे आता आठवतं.

क्वार्टर सोडायला मला उन्हाळ्यापर्यंतची मुदत मिळाली होती. कऱ्हाडजवळच्या गावाहून सासूबाई आल्या होत्या, त्या तेराव्यानंतरही राहिल्या. मी त्यांना आई म्हणत असे. आम्ही दोघी त्या घरात फार कमी बोलायचो. त्या तांदूळ निवडायच्या, निवडलेले पुन्हा निवडायच्या. मी व्हरांड्यात पुस्तक उघडून बसायचे. वाचून होत नसे, पण त्यांना काळजी वाटू नये म्हणून अधूनमधून पान उलटायचे. एकदा त्या म्हणाल्या, "अगं, मघापासून मागची पानं उलटतेयस तू." मग मी तेही सोडून दिलं.

पौषातल्या एका दुपारी तबेल्यातला म्हातारा सईस दाराशी येऊन उभा राहिला. पांढऱ्या मिशा, डोक्याला लोकरी मफलर, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. "मेमसाब, ये साब का खूँटी पर रह गया था," तो म्हणाला. आत त्याचा शेवाळी रंगाचा लष्करी स्वेटर होता. तबेल्यातल्या खोगिरांच्या खोलीत खिळ्यावर राहून गेलेला. मी तो हातात घेतला आणि नाकाशी नेला. घोड्याच्या घामाचा वास, जखमेवर लावायच्या औषधाचा वास, आणि त्या दोन्हींच्या खाली त्याचा स्वतःचा. घरातले त्याचे सगळे कपडे तेराव्याच्या आधी धुऊन झाले होते. त्याचा म्हणावा असा वास घरात कुठेच उरला नव्हता.

सईस जाईना. त्याने पुढे जे सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत लिहिते. तबेल्यात एक तांबूस रंगाची घोडी होती. आदल्या पावसाळ्यात नाल ठोकताना एका नालबंदाच्या हातून खिळा खुरातून आत मांसात गेला. पाय सडला. माझ्या नवऱ्याने दोन महिने खपून तो पाय वाचवला. पण तेव्हापासून घोडी कुणाला खुराला हात लावू देईना. तो तिच्या तोंडापाशी उभा असला, तरच पाय उचलू द्यायची. तो गेल्यावर तेही संपलं. दोन नाल गळून पडले होते, खूर वाढून फाटायला लागले होते. फाल्गुनात वरून तपासणीचे अधिकारी यायचे होते. जिला नाल ठोकता येत नाही, ती घोडी लष्कराच्या कामाची नाही. ते तिला काढून टाकणार होते. घोड्याच्या बाबतीत या शब्दांचा अर्थ एकच असतो, आणि तो एका गोळीत उरकतो.

"पाँच हफ़्ते से लेटी नहीं," तो म्हणाला. घोडे उभ्याउभ्या डुलकी काढतात, पण गाढ झोपायला त्यांना आडवं व्हावंच लागतं, आणि जिथे जिवाला भरवसा वाटतो तिथेच ते आडवे होतात. हे मला ठाऊक होतं. जेवताना माझा नवरा मला असलं सांगायचा आणि मी हं हं करत असायचे.

"मी काय करणार बाबा त्यात?" मी हिंदीत विचारलं.

"कुछ नहीं, मेमसाब. बस, बता दिया." तो वळला, चार पावलं गेला, आणि पाठमोराच म्हणाला, "एक बार आ जाइए. ये पहनकर."

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला मी गेले. स्वेटर मला अर्ध्या मांडीपर्यंत येत होता; बाह्या दुमडाव्या लागल्या. तबेल्यात त्या वेळी माणूस नसतो. घोड्यांना पाणी दाखवून झालेलं असतं, संध्याकाळची दाण्याची चंदी व्हायची असते. लांब पत्र्याची ओळ, पुढे कडुनिंबांची ओळ, खाली झाडून रेघा उमटलेली वाळू. हिवाळ्यात जयपूरचं ऊन चारलाच पिवळं पडतं. पत्र्यावर एक मोर बसला होता, न ओरडता. इतक्या घोड्यांच्या मध्ये इतकी शांतता असेल असं मला वाटलं नव्हतं.

घोडी शेवटच्या खणात होती. भिंतीकडे तोंड करून उभी. मी आडव्या बांबूपाशी थांबले, आत जायची छाती होईना. तिचा एक कान मागे वळला. मग ती सगळीच वळली, सावकाश, लंगडत. मान वर केली आणि नाकातल्या नाकात, फार हलकं, हुंकारली.

मला वाटलं माझ्याकडे पाहतेय. पण नव्हती. ती माझ्या उजव्या खांद्यावरून मागे पाहत होती, माझ्या डोक्याच्या वीतभर वर. एवढाच तो माझ्यापेक्षा उंच होता.

मी मागे वळून पाहिलं. मागे वाळू होती, वाळूत माझी पावलं होती, आणि कडुनिंबाला टेकवलेली एक बादली.

पुन्हा तिच्याकडे वळले तर ती तशीच. तिचा डोळा काळा, आडव्या बाहुलीचा, एखाद्या भिंगासारखा फुगीर. त्यात मी दिसत होते, लहानशी, वाकलेली. माझ्या मागे आभाळ होतं. आणि आभाळाच्या पुढे एक उभी गडद रेघ होती. झाडाचं खोड असेल. मी तेव्हाही तेच स्वतःला सांगितलं. पण खोड माझ्या डाव्या हाताला होतं आणि रेघ उजव्या.

घरी आले तेव्हा आई ओट्यापाशी होत्या. "घोड्याचा वास घेऊन आलीस घरात," त्या म्हणाल्या. "हातपाय धू आधी."

मी रोज जायला लागले.

सुरुवातीला बांबूच्या बाहेर उभी राहायचे. मग आत गेले. आत गेले त्या दिवशी घोडीने आपला मागचा भाग सरकवून मला वाट दिली, जशी कोणतीही शहाणी घोडी देते. मी आत आले, तिच्या मानेपाशी उभी राहिले, तरी ती सरकलेलीच. आणखी जागा करून. आणखी एका माणसाला पुरेल इतकी जागा, भिंतीच्या बाजूला. ती जागा तिने मी परतेपर्यंत मोकळी ठेवली. सईस बाहेर गवत पसरत होता, त्याने ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तो खणाचा बांबू पूर्ण बाजूला करून ठेवू लागला.

मी अंधश्रद्ध घरात वाढलेली नाही. माझे वडील शिक्षक होते. आमच्याकडे देवघरापेक्षा पुस्तकांचं कपाट मोठं होतं. त्यामुळे मी त्याची पशुवैद्यकाची पुस्तकं काढून बसले. घोड्याचा वासाचा पल्ला, घोड्याची स्मरणशक्ती. समासात त्याने पेन्सिलीने केलेल्या खुणा होत्या. घोडीला स्वेटरचा वास येतो, त्या वासाचा माणूस ती नेहमीच्या उंचीवर शोधते, एवढंच. हे मला पटलं. तरी दुसऱ्या दिवशी तिच्या पाठीवरची कातडी थरारत गेली, खांद्यापासून कमरेपर्यंत, एका सरळ रेषेत, जसा हात फिरवल्यावर थरारते, आणि माझे दोन्ही हात माझ्या बाह्यांत होते आणि थंडीमुळे माशी एकही नव्हती, तेव्हा पुस्तकातलं काही मला आठवलं नाही. फक्त हलायचं नाही, एवढं समजून मी उभी राहिले. भीती वाटली का? वाटली. पण ती संपू नये असंही वाटलं.

एका संध्याकाळी ताट वाढताना आई एकदम म्हणाल्या, "तो सईस आपल्या फाटकाशी भाजीवाल्याला सांगत होता. साहेब येतात म्हणून."

मी पाण्याचं भांडं पुढे सरकवलं.

"येतो?"

"मला दिसत नाही आई. घोडी बघते."

"कुठं बघते?"

मी हाताने माझ्या खांद्यामागची जागा दाखवली. त्यांनी त्या जागेकडे बराच वेळ पाहिलं, मग कोशिंबीर वाढली. त्या दिवसापासून मी घरात शिरले की त्या हातातलं काम न थांबवता विचारायच्या, "आज आला होता?" आणि मी म्हणायचे, "आला होता." त्यानंतर त्या जेवायच्या. इतके दिवस त्या चिवडत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

महिन्याभरात घोडी मला मान खाजवू देऊ लागली, मग खांदा, मग पुढच्या पायाची नळी. तो घोड्यांशी मराठीत बोलायचा. सगळ्या तबेल्याला त्याची "सरक" आणि "पाय दे" माहीत होती. माघ संपता संपता मी एकदा वाकून म्हटलं, "पाय दे." तिने माझ्या मागे पाहिलं. बराच वेळ. मग उजवा पुढचा पाय उचलून माझ्या हातात ठेवला. खूर गरम होता, नुकत्याच रिकाम्या झालेल्या कपासारखा.

माझ्या नवऱ्याच्या जागी आलेले नवे डॉक्टर दुरून पाहत होते. तरुण होते, सभ्य होते, माझ्याशी बोलताना जमिनीकडे पाहायचे. "भाभीजी, पुढच्या सोमवारी तपासणी आहे," ते हिंदीत म्हणाले. "गुरुवारी नालबंदाला बोलावतो. तुम्ही तोंडापाशी उभ्या राहाल? चारही पाय झाले तर मी तिच्यासाठी बोलू शकतो. नाही झाले तर माझ्या हातात काही नाही."

मी हो म्हटलं. गुरुवारला तीन दिवस होते.

बुधवारी मी पोस्टात गेले होते. आल्यावर मागच्या अंगणातल्या दोरीवर स्वेटर दिसला. दोन्ही बाह्या लांब सोडून, पाणी गाळत.

गुरुवारी मासिक श्राद्धही होतं. त्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरातलं सगळं धुऊन घेतात; पांघरुणं, पायपुसणी, सगळं. तेराव्याच्या आधी घर धुतलं तेव्हा हा स्वेटर तबेल्यात होता, म्हणजे त्याला सुतकाचं पाणी लागलंच नव्हतं. आईंच्या लेखी ते राहून गेलेलं काम होतं. त्यांनी रिठे भिजवले, आणि मशीन नाही, धोबी नाही, स्वतः बसून हाताने तो धुतला. तीन वेळा.

मी दोरीपाशी जाऊन तोंड ओल्या लोकरीत घातलं. रिठ्याचा वास आला. बाकी काही नाही.

न्हाणीच्या दारात आई बसून होत्या. पदराला हात पुसत, पण हात केव्हाच कोरडे झालेले. "गरम पाण्यात घातला ना," त्या म्हणाल्या, "तर असा वास आला त्याचा. सगळी न्हाणी भरली. मला वाटलं मागं येऊन उभा राहिलाय. मी म्हटलं, थांब रे, एवढं धुते. आणि धूतच बसले गं मी. मग गेला." त्यांनी बोट दाखवलं. कोपऱ्यात बादली होती, धुण्याचं तपकिरी पाणी काठोकाठ. "ते ओतवत नाहीय मला."

मला खूप बोलायचं होतं. माझ्या तोंडात फार वाईट शब्द आले होते. पण त्या बादलीकडे पाहिल्यावर ते कुणाला उद्देशून म्हणायचे ते कळेना. आम्ही दोघींनी बादलीच्या कडीला हात घातला, ती अंगणात नेली आणि जाईच्या मुळाशी सावकाश रिकामी केली. वाळू होती. पाणी लगेच नाहीसं झालं.

गुरुवारी मी साध्या शालीत गेले.

नालबंद सांगलीकडचा होता, धिप्पाड, कमरेला चामड्याचं फडकं. मला पाहून उठला. "या वहिनीसाहेब. तुम्ही आहात म्हणून आलो. नाहीतर मागच्या खेपेला हिनं माझी टोपी भिंतीपल्याड पोचवली होती. टोपीत डोकं नव्हतं, म्हणून आज नमस्कार करतोय."

"आज स्वेटर नाहीय," मी म्हटलं.

त्याला काही उमगलं नाही. सईसला उमगलं. त्याने माझ्याकडे, मग माझ्या शालीकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

घोडीला बाहेर कडुनिंबाखाली उभं केलं. दोर माझ्या हातात. तिने मान वर केली आणि माझ्या मागे पाहिलं. हुंगलं. नाकपुड्या मोठ्या झाल्या. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा माझ्या खांद्यामागे, पुन्हा डावीकडे. एखादं माणूस घरातली एकेक खोली उघडून बघतं तसं. मग तिच्या गळ्यातून एक आवाज निघाला, जो मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. ओळीतल्या सगळ्या घोड्यांनी एकाच वेळी माना वळवल्या. सगळ्यांचे डोळे माझ्या मागच्या त्याच जागेवर.

नालबंदाने पायाला हात लावला मात्र, घोडी सगळ्या अंगाने उसळली. दोर माझ्या तळव्यातून करवतीसारखा गेला. नालबंद लोळण घेऊन बाजूला झाला. "आज ही कुणाची नाही," तो म्हणाला. या वेळी त्याला गंमत सुचली नाही.

"रहने दीजिए, भाभीजी," नवे डॉक्टर म्हणाले. "आपण प्रयत्न केला."

मी दोर सोडला नाही. तेव्हा सईस माझ्या कानाजवळ येऊन बोलला. "साब पहले साँस देते थे. आपने कभी दी नहीं."

मला ते माहीत होतं. घोडे भेटतात तेव्हा नाकाला नाक लावून एकमेकांचा श्वास घेतात, आणि तोही तसंच करायचा. स्वेटर अंगात असताना मी ते मुद्दामच टाळलं होतं. माझ्या श्वासाने तिला कळलं असतं की हा तो नाही.

मी पुढे झाले. तिच्या कपाळासमोर अगदी जवळ गेले. घोड्याला नाकासमोरचं, अगदी जवळचं दिसत नाही. दोन्ही डोळे बाजूंना असल्यामुळे तिथे त्याच्यासाठी काहीच नसतं. म्हणजे त्या क्षणी मीही तिच्या लेखी नव्हते. एक कोरी जागा होते फक्त. मी तिच्या नाकपुडीशी तोंड नेलं आणि श्वास सोडला. सकाळपासून उपाशी माणसाचा, तीन महिन्यांत नीट न बोललेल्या माणसाचा श्वास. तिने तो ओढून घेतला. मग तिचा सोडला. गवताचा, ओलसर, गरम. माझ्या चेहऱ्यावर, डोळ्यांवर. पुन्हा मी. पुन्हा ती. किती वेळ ते सांगता येणार नाही. मी रडत होते हे मला तिने मिठासाठी गाल चाटला तेव्हा कळलं.

"आता," मी नालबंदाला म्हटलं.

पहिला पाय झाला. त्याने मांडीवर खूर घेतला, वाढलेलं कापलं, कानस फिरवली, आणि तापलेला नाल खुरावर टेकवला. पिवळा धूर उठला. जळक्या केसांचा वास. आमच्याकडच्या बायका स्मशानात जात नाहीत. मीही गेले नव्हते. पण तो वास मी लगेच ओळखला. घोडीचा एक कान माझ्याकडे होता, एक अजून मागे.

दुसरा पाय झाला. खिळे ठोकल्याचा आवाज पत्र्यावरून परत येत होता, प्रत्येक ठोक्यामागे आणखी एक. तिचा मागचा कान हळूहळू पुढे येऊ लागला होता.

तिसऱ्या पायाच्या वेळी मला ते जाणवलं. माझ्या खांद्यामागे, गेला महिनाभर जिथे कुणीतरी असल्यासारखी हवा भरलेली असायची, तिथे वारा लागत होता. साधा माघातला वारा. घोडीचे दोन्ही कान आता माझ्यावर होते. ती माझ्याकडे पाहत होती. पहिल्यांदा माझ्याकडे, माझ्या उंचीवर. आणि मला कळलं की प्रत्येक खिळ्याबरोबर तिची वाट बघणं कमी होतंय. ती बरी होतेय. आणि ती बरी झाली की त्याच्याकडे बघणारं या जगात कुणी राहणार नाही.

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी हात ढिला सोडला. चुकून नाही. मनात आलं, आता ती उसळेल, दोन पाय राहतील, उद्या ती पुन्हा त्याला शोधेल. सोमवारपर्यंत तरी. फक्त सोमवारपर्यंत. तेवढे चार दिवस मला हवे होते, आणि त्या बदल्यात ही जाणार हे मला पूर्ण माहीत होतं.

घोडीने दोराची ढिलाई ओळखली. तिची मान ताठ झाली, अंगातून कंप गेला. नालबंदाच्या मांडीतला खूर हिसकला. "वहिनीसाहेब, धरा! अहो धरा, माझं डोकं खाली आहे!"

तिने मान वर केली नाही. मागे पाहिलं नाही. तिने तोंड माझ्या छातीवर आणून टेकवलं आणि जोराने, घाबरून, श्वास सोडला. ती मला शोधत होती.

मी दोर गुंडाळून घेतला. तिच्या नाकाशी तोंड नेलं. "पाय दे," मी म्हटलं. "दे गं. दे." तिने दिला.

चौथा झाला तेव्हा ऊन उतरलं होतं. नालबंदाने घाम पुसला आणि घोडीला नमस्कार केला. "वहिनीसाहेब, मधे जरा मला निरोपच दिला होतात तुम्ही," तो म्हणाला, आणि माझा चेहरा पाहून हत्यारं आवरू लागला. नवे डॉक्टर डावीकडून आले, तिच्या मानेवर थोपटलं. तिने थोपटू दिलं. सईसने तिला चालवून दाखवलं. दगडी रस्त्यावर चारही टापा सारख्या वाजल्या. ते सगळे हसत होते. मी माझी शाल शोधत होते. ती माझ्या खांद्यावरच होती.

घरी जायला पाव मैलाचा रस्ता होता, दोन्ही बाजूंना चुना लावलेले दगड. महिनाभर मी त्या रस्त्याने हळू चालत आले होते, मागच्या पावलांना वेळ मिळावा म्हणून. त्या दिवशीही हळू चालले. फाटकापर्यंत.

श्राद्धाचा स्वयंपाक सकाळीच झाला होता. आई तांदूळ निवडत बसल्या होत्या. दोरीवरून काढलेला स्वेटर त्यांच्या शेजारी होता, नीट घडी घालून. त्यांनी वर पाहिलं नाही.

"आज आला होता?"

हो म्हणणं फार सोपं होतं. त्या जेवल्या असत्या. उद्याही विचारलं असतं, आणि मी उद्याही हो म्हटलं असतं, आणि असं बरेच दिवस चाललं असतं.

"नाही," मी म्हटलं.

ताटलीतले तांदूळ हलायचे थांबले. बाहेर कुठेतरी मोर ओरडला, आणि दुसऱ्याने त्याला लांबून उत्तर दिलं. आईंनी एक खडा काढला, बोटांत फिरवला, बाजूला ठेवला.

"मी धुतला म्हणून?"

"नाही आई. तिला आता त्याची गरज नव्हती."

मग त्यांनी विचारलं, "पाय दिले का तिनं?"

"चारही."

"मग झालं तुझं काम. उद्या कशाला जाशील?"

"खरारा करायला," मी म्हटलं. मला स्वतःलाच ते ऐकून नवल वाटलं. "तिला सवय झालीय माझी."

त्यांनी ताटली खाली ठेवली. त्या घरात आल्यापासून फाटकाबाहेर एकदाही पडल्या नव्हत्या. भिंतीला हात टेकत उठल्या, दाराशी गेल्या आणि तबेल्याच्या दिशेला पाहत उभ्या राहिल्या, तिथून काही दिसत नसतानाही.

"उद्या मला ने," त्या म्हणाल्या.

"तिथं आता काही नाही, आई."

"घोडी आहे ना?"